‘आमच्या’पाशी अडलेले साळवेकाका

प्रभूची प्रार्थना म्हणायला फार तर अर्धं मिनिट लागतं. आमच्या साळवेकाकांना ती एका संध्याकाळीत संपवता आलेली मी तरी पाहिली नव्हती.

भोपाळच्या इंद्रपुरीत आम्हा मराठी ख्रिस्ती कुटुंबांची दर शनिवारी कुणा ना कुणाच्या घरी प्रार्थनासभा असते. चर्चमधली उपासना हिंदीतून होते, मराठी कानावर पडायची ती इथेच. काकांनी जन्मभर कारखान्यात ओतीव नगांची तपासणी केली. नगावर हातोडी मारायची आणि आवाजावरून आतली पोकळी ओळखायची. निवृत्त होताना त्यांनी हातोडी परत केली, सवय मात्र घरी आणली. आता ते बायबलमधलं प्रत्येक वाक्य ठोकून बघतात.

“हे आमच्या स्वर्गातील पित्या,” एवढं म्हटलं की काकांचा हात वर. “थांबा. ‘आमच्या’ का? ‘माझ्या’ का नाही? वरवर जाऊ नका, आत उतरा.” आम्ही मुकाट्याने आत उतरायचो. स्वयंपाकघरात समोसे थंड व्हायचे. प्रार्थनेच्या मध्यावर ‘आमची रोजची भाकर आम्हाला दे’ अशी ओळ आहे, तिथपर्यंत आमची सभा कधी पोचलीच नाही.

चर्चच्या पाळकसाहेबांनी येशूने पाच भाकरींत हजारोंना जेवू घातल्याचा चमत्कार सांगितला, तेव्हा काका भर उपासनेत उभे राहिले. “साहब, उरलेल्या तुकड्यांनी बारा टोपल्या भरल्या, ठीक. पण ज्यांच्याकडे खायलाच नव्हतं, त्यांनी रिकाम्या टोपल्या कशाला आणल्या होत्या? इसमें गहरी बात है.” पाळकसाहेब तेव्हापासून त्या चमत्काराच्या वाटेला गेलेले नाहीत. अयोध्या नगरातल्या एका लग्नात काकांनी नवऱ्यामुलाला जेवताना गाठून त्याने वेदीपुढे म्हटलेल्या ‘होय’चा अर्थ विचारला. तो मुलगा काका दिसले की अजून स्कूटर वळवतो.

या खोदकामाला भीक न घालणारी एकच व्यक्ती होती, त्यांच्या पत्नी शालिनीकाकू. त्या अख्खी प्रार्थना एका दमात म्हणून, सभा कुणाच्याही घरी असो, कढईकडे पळायच्या.

“शालू, ही प्रार्थना आहे की पाढे?” काका सगळ्यांसमोर म्हणायचे. “नुसतं पाठांतर. अर्थ शून्य.”

“अर्थ तुम्ही काढा,” काकू म्हणायच्या. “समोसे मी तळते.”

पावसाळा संपता संपता काकूंना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला आणि वाचाही गेली. समजायचं सगळं, पण ओठांवर शब्द येईना. काका समोर बसून विचारायचे, “माझं नाव सांग, शालू.” काकू जीव तोडून प्रयत्न करायच्या आणि नुसता घोगरा आवाज निघायचा. “येईल, आत आहे सगळं,” काका आम्हाला सांगायचे. त्या दिवसांत मला त्यांच्याकडे बघवत नसे.

मग सभेची पाळी त्यांच्या घरी आली. काकूंचा पलंग बैठकीतच होता. आम्ही प्रार्थना सुरू केली आणि सवयीप्रमाणे काकांचा हात वर गेला. “थांबा. ‘आमच्या’...”

आम्ही थांबलो. पलंगावरचा आवाज थांबला नाही. काकू म्हणत होत्या, जुन्याच वेगात, बोबडं पण सलग, भाकरीची ओळ ओलांडून थेट आमेनपर्यंत. काकांचा हात तसाच वर राहिला होता.

“शालू, माझं नाव?” त्यांनी विचारलं. पुन्हा तोच घोगरा आवाज. मग काकांनीच हळू आवाजात प्रार्थनेचे पहिले शब्द म्हटले, आणि काकू पुन्हा सुटल्या. डॉक्टर नंतर म्हणाले, जन्मभर घोकलेलं कधी कधी असं शिल्लक राहतं.

आता आमच्यात सगळ्यांत भरभर प्रार्थना साळवेकाका म्हणतात, काकूंचा हात धरून. समोसे गरम मिळतात. परवा नव्याने बदली होऊन आलेल्या एका तरुण इंजिनियरने नेमकं ‘आमच्या’पाशीच विचारलं, “अंकल, इसका गहरा मतलब क्या है?” आम्ही सगळे काकांच्या हाताकडे बघू लागलो. काकांनी नुसता त्याचा गुडघा दाबला.

“चालू ठेव, बेटा,” ते कुजबुजले. “मध्ये अडली तर तिला पुढचं सापडत नाही. आणि तिचा आवाज मला एवढाच ऐकायला मिळतो.”