शाळेमागचं तेवीस नंबर

निवृत्त पोस्टमन वॉर्डाच्या निवडणुकीला उभे राहिले आणि फोनवरचा प्रचार मेहुण्याने हौसेने अंगावर घेतला. चार दिवसांत त्याने फोनवर उघडलेल्या प्रचाराच्या पेजवर बेचाळीस लोकांनी कौतुक लिहिलं. ‘काकांसारखा माणूस शोधून सापडायचा नाही’, ‘आमच्या घरातली सगळी मतं काकांनाच’. खाली नाव, गल्ली, घर नंबर, सगळं व्यवस्थित.

पोस्टमन गहिवरलेच. एवढं लिहिणाऱ्यांचे दारात जाऊन आभार नकोत मानायला? सकाळीच सायकल काढून निघाले, ते दुपारी तोंड पाडून परतले.

"अगं, शाळेमागच्या गल्लीत घरं किती?"

"अकरा," बायको म्हणाली. "का हो?"

"मग तेवीस नंबरच्या बाई राहतात कुठे? गल्ली दोनदा पालथी घातली. आणि ते चौघे भाऊ, त्यांच्या पत्त्यावर तर पाण्याची टाकी आहे!"

"भावोजी, आभार फोनवरच मानतात हो," मेहुणा घाईघाईने म्हणाला. "घरी कोण जातं हल्ली?"

"पत्ता दिलाय ना त्यांनी? उगाच कोण पत्ता देईल?"

यावर मेहुण्याला जोराचा ठसका लागला. भावोजींना जरा बरं वाटावं म्हणून त्याने संध्याकाळी आणखी आठ जणांकडून ‘काका, धीर सोडू नका’ असं लिहून घेतलं. झालं! पोस्टमनच्या यादीत आणखी आठ पत्ते वाढले.

दुसऱ्या दिवशीही एकही माणूस सापडेना. आता मात्र पोस्टमन घाबरले. एकतीस वर्षं याच गल्ल्यांतून टपाल वाटलेलं, आणि पन्नास घरं डोक्यातून साफ गेली? बायकोने परीक्षा घेतली. सगळ्या घरांचे नंबर त्यांनी घडाघडा सांगितले, कुठला कुत्रा चावतो तेसुद्धा. तरी ते पन्नास जण काही आठवेनात.

तिसऱ्या दिवशी ते कागद घेऊन बसले. "उमेदवारी मागे घेतो. ज्याला वॉर्ड आठवत नाही त्याने मतं मागू नयेत."

मेहुण्याच्या हातातला फोन खाली पडला. "भावोजी, थांबा! ती माणसं नाहीतच. मीच आहे."

"कोण, तेवीस नंबरच्या बाई?"

"बाई मीच. चौघे भाऊ मीच. पन्नासही मीच. समोरचेही करतात हो असं!"

पोस्टमननी कागद बाजूला सारला. "म्हणजे माझं डोकं शाबूत आहे?" त्यांना इतका आनंद झाला की रागवायचं राहूनच गेलं. नंतर आठवण झाली तसे ते भरपूर रागावले, आणि त्याच फोनवरून त्याच्याकडूनच लिहून घेतलं, ‘वरचे पन्नासही जण माझा मेहुणा आहे. माफ करा. खरी अडचण असेल तर पत्ता द्या, मी येतो.’

लोक पोट धरून हसले. मग हळूहळू खरीच माणसं लिहू लागली. कुणाचं गटार तुंबलं होतं, कुणाच्या दारातला दिवा बंद होता. पोस्टमन एकेका दारात जाऊन आले. सगळी घरं जागच्या जागी होती.

निकाल लागला. दोन्ही उमेदवारांना मतं सारखी पडली. चिठ्ठी काढली, ती समोरच्याची निघाली.

"एक मत, फक्त एक मत!" बायको हळहळली. "कोण करंटा राहिला असेल?" आणि तिची नजर भावाकडे गेली. तो फोनमध्ये डोकं खुपसून बसला होता.

"ताई, शपथ सांगतो, दिवसभर लोकांना ‘मतदानाला जा’ म्हणूनच लिहीत होतो. खऱ्या लोकांना! मान वर केली तर वेळ संपलेली."

पोस्टमननी शांतपणे चष्मा पुसला.

"अरे, पन्नास जण होतास तू," ते म्हणाले. "एकाला तरी पाठवायचंस."