काळ्या गाडीतली सिल्व्हर ज्युबिली

जुन्या गाड्यांबद्दल कतारच्या दोहा शहरात कुणाला शंका असली तर त्याने थेट ट्रेवरला, म्हणजे मला विचारावं! निदान गेल्या शुक्रवारपर्यंत तरी.

आग्नेसताई आणि डग्लसभावोजींच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली. चर्चमध्ये मिस्सा, मग अल मन्सूरा भागातल्या हॉटेलात जेवण. ताईची एकच हौस! वसईत लग्नाच्या दिवशी गाडी बंद पडली आणि ती रिक्षाने चर्चला गेली. या वेळी तरी तिला झोकात जायचं होतं.

"गाडीचं माझ्यावर सोड!" मी म्हणालो.

माझ्या कतारी बॉसकडे छत्तीस सालची हॉट रॉड गाडी आहे. काळी कुळकुळीत, लांबलचक! तेव्हा अमेरिकेत बेकरीवाले, फुलवाले असल्या गाड्यांतून घरपोच माल द्यायचे. पुढे हौशी पोरांनी त्यांत दांडगी इंजिनं घातली. ही आधी एका फुलवाल्याची, मग त्याच्या जावयाची, आता बॉसची. पुढे दोनच सीट, मागे मालाचा बंद डबा. पण नवराबायकोला वेगळं कसं बसवायचं? मी मागे गादी टाकली.

"ट्रेवर, अंधार आहे रे इथे!"

"रोमँटिक आहे!" म्हणत मी दार लावलं. बॉनेटवर पांढऱ्या फुलांचं गोल चक्र बांधलं आणि गाडी अगदी हळू नेली.

चर्चच्या आवारात शिरताच पाहुण्यांच्या गप्पा थांबल्या. पुरुष अदबीने बाजूला झाले, बायकांनी क्रुसाची खूण केली. वा, काय हा मान! मला गहिवरून आलं.

ताईची मैत्रीण लवीना काचेशी आली. "कोण आहे रे आत?"

"आग्नेस आणि डग्लस!"

"दोघंही?"

"मग! एकत्रच!"

लवीनाने हंबरडाच फोडला. चार-पाच जणींनी सूर धरला. फादर पवित्र पाणी घेऊन धावले. तेवढ्यात आतून धाडधाड आवाज आला!

"अरे, दार उघड! गुदमरलो!" भावोजी ओरडले.

जमाव दचकून मागे सरकला. एक काका तर पार्किंगपर्यंत पळाले. मागचं दार फक्त बाहेरून उघडतं, हे मला तेव्हा कळलं. फुलांना आतून कडी कशाला लागतेय!

मी दार उघडलं. ताई घामाने निथळत होती, काजळ गालावर आलं होतं. रडणारी माणसं बघून तिने घाबरून विचारलं, "कोण गेलं?"

फादर जमिनीकडे बघत म्हणाले, "कोणी नाही, बाळ. तूच आलीस."

काळी लांब गाडी, वर पांढरं फुलांचं चक्र: मी ताईला चक्क शववाहिकेतून आणलं होतं! ताई एका शब्दानेही रागावली नाही, तेच जास्त लागलं. मिस्सा झाल्यावर ती भावोजींचा हात धरून टॅक्सीत बसली. मी एकटाच गाडी घेऊन मागून निघालो.

सिग्नलला शेजारच्या ड्रायव्हरने काच खाली केली. "कौन गुजर गया, भाई?"

"घर का ही आदमी है," मी म्हणालो आणि काच वर केली.