बेचाळीस–शून्य

"कोच, या शुक्रवारी आपण किती गुणांनी हरणार?"

हा प्रश्न माझा नाही हं! माझ्या मैत्रिणीचा, येसेनियाचा. पण ती विचारते कुठे? ती फक्त माझ्या बरगडीत कोपर खुपसते. "एवढी मोठी भविष्यवाली झालीस ना? विचारून दाखव! माइकवर! नाहीतर आजपासून तू भित्री भागुबाई."

आता मला भित्री म्हणायचं? गेल्या वर्षी म्हणाली असतीस तर ठीक होतं बाई. तेव्हा मी कँटीनमध्ये मीठसुद्धा दुसऱ्या मुलीकडून मागवून घ्यायचे. पण यंदा सकाळी शाळेच्या कर्ण्यावरून सूचना वाचायचं काम मिळालं, गंमत म्हणून मी त्यात शाळेच्या शुक्रवारच्या अमेरिकन फुटबॉल सामन्याचं भाकीत घुसडलं, आणि ते खरं ठरलं. मग पुढचंही. मग त्याच्या पुढचंही! आमचं अख्खं सीडर बेंड गाव मला विचारून टोप्या घालू लागलं. बेकरीतली बाई माझ्या कोलाचीत, म्हणजे फळं भरलेल्या गोड पावात, जर्दाळू जरा जास्तच भरायला लागली. आमचे बाबा तर चाऱ्याच्या दुकानात गिऱ्हाइकाला पोतं देण्याआधी माझं भाकीत द्यायचे!

तर बुधवार. व्यायामशाळेत संघाला चेव आणायला अख्खी शाळा घसा फोडायला जमलेली. शेजारच्या ऑर्लिक गावाशी सामना म्हणजे आमच्याकडे घरातलं लग्न आणि शेजाऱ्याशी भांडण एकाच दिवशी! मी माइक घेतला आणि विचारलं.

ढोलवाल्याच्या हातातली काठीसुद्धा हवेत थांबली.

कोच ओर्साक माझ्याकडे असे बघत होते, जणू मी त्यांच्या बुटात बेडूक सोडलाय. "भाकितं तू करतेस ना, अडेला? मग तूच सांग."

हजार डोळे माझ्यावर! माझी जीभ सुटली ती सुटलीच.

"आपण हरणार? छे! बेचाळीस–शून्य! आणि त्यांचा तो कोल्बी माटुश? त्यानं लाथ मारली की चेंडू आधी त्याच्या पायाकडे बघून हसतो!"

छप्पर उडायचं बाकी राहिलं. संध्याकाळपर्यंत गावातल्या प्रत्येक गाडीच्या काचेवर पांढऱ्या बूट-पॉलिशनं 'बेचाळीस–शून्य' लिहिलेलं. आमच्या घरी एमिल मामा जेवायला आला होता. आईचा भाऊ, आणि राहायला ऑर्लिकमध्ये. आईचं माहेरच ते. सामन्याच्या आठवड्यात आमच्या घरात त्या गावाचं नाव कुणी काढत नाही.

"बेचाळीस?" मामा सॉसेज तोडत म्हणाला. "मेव्हणे, पोरीला ताप आहे का?"

"माझी पोरगी चुकत नाही!" बाबांनी टेबलावर मूठ आपटली. "बेचाळीस गुणांनी जिंकलो नाही, तर माझ्या बापाचा लाल ट्रक तुमच्या संघाच्या पिवळ्या रंगात रंगवीन, आणि नाताळच्या मिरवणुकीत तुझ्या ऑर्लिकमधून फिरवीन!"

"रेमंड!" आई ओरडली.

उशीर झाला होता. मामानं हात पुढे केला होता आणि बाबांनी तो दाबला होता. तो ट्रक आजोबांनी बाबांच्या हातात दिलेला. बाबा त्याला माझ्यापेक्षा जास्त वेळा आंघोळ घालतात.

गुरुवारी सकाळी कोचनी मला खोलीत बोलावलं. "पोरी, माझा एकच नियम आहे. समोरच्याला भिंतीवर चिकटवण्यासारखं काही द्यायचं नाही. तू काय केलंस माहितीये? ऑर्लिकच्या पोरांच्या कपडे बदलायच्या खोलीत तुझं वाक्य लागलंय. फोटोसकट! आता ती रेड्यासारखी धावून येणार."

मी हादरले. पण डोकं चाललं. त्यांना तापवलंय ना मी? मग मीच थंड करते! संध्याकाळी गावच्या रेडिओवर सामन्याच्या गप्पा होत्या. मी फोन लावला. "मी चुकले! ऑर्लिकच जिंकणार, बेचाळीस–शून्य! आमच्या पोरांच्या गुडघ्यांत दमच नाही!"

काय डोकं, नाही? ऑर्लिकवाले सुस्तावणार, आम्ही जिंकणार, ट्रक लाल राहणार!

ऑर्लिकवाल्यांना वाटलं मी टोमणा मारतेय. त्यांनी तेही चिकटवलं. आणि आमच्या कोचनी? स्वतःच्याच पोरांच्या भिंतीवर लावलं! शुक्रवारी बेकरीतल्या बाईनं मला दिलेल्या कोलाचीत जर्दाळू शोधायला दुर्बीण लागली असती.

सामना सुरू झाला. सुरू झाला म्हणजे काय, होईचना! दोन्हीकडची पोरं इतकी खवळलेली की चेंडू हलायच्या आधीच एकमेकांवर तुटून पडायची. पंचांची शिट्टी, दंड, पाच यार्ड मागे. पुन्हा तेच! चेंडू मैदानात गायीसारखा जागच्या जागी रवंथ करत होता. शून्य–शून्य. बाबा घड्याळाकडे बघायचे, मग कुंपणापलीकडे उभ्या ट्रककडे, मग माझ्याकडे.

शेवटची काही मिनिटं. ऑर्लिक मागे रेटलं जात जात आपल्याच टोकाला पोहोचलं. आता लाथ मारून चेंडू लांब धाडायचा, एवढंच उरलं होतं. कोल्बी माटुश आला. आमची अख्खी बाजू ओरडली, "कोल्बी, चेंडू हसतोय रे!"

त्याचे कान टोमॅटोसारखे झाले. लाथ अशी मारीन की चेंडू मेक्सिकोत पडेल, असा त्याचा चेहरा! जोरात धावता यावं म्हणून तो एक पाऊल मागे सरकला. अजून एक. अजून एक! साथीदारानं मागे फेकलेला चेंडू त्यानं झेलला, आणि टाच मैदानाच्या मागच्या पांढऱ्या रेषेवर! तिथे चेंडू हातात घेऊन पाय टेकला की समोरच्याला दोन गुण फुकट.

दोन–शून्य! उरलेली मिनिटं तशीच गेली आणि सामना संपला! आम्ही जिंकलो!

येसेनिया माझ्या गळ्यात पडून रडायला लागली. कोच म्हणाले, "अडेला, आभारी आहे. परत तोंड उघडू नकोस." बाबा बाकावर उभे राहून नाचत होते. नाचता नाचता मागे वळले, तर एमिल मामा शांतपणे शेंगदाणे सोलत बसलेला.

"अभिनंदन, मेव्हणे. दोन म्हणजे बेचाळीस नव्हे. रंग मी आणतो."

शनिवारी सकाळी आमच्या अंगणात बाबा ट्रकच्या टपावर पिवळा ब्रश फिरवत होते आणि दर फटक्याला आजोबांची माफी मागत होते. आई पायरीवर कॉफी पीत बसली होती. लग्नाला वीस वर्षं झाली, पण माहेरचा रंग सासरच्या अंगणात बघताना इतकी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती.

"अडेला," बाबा ब्रश हलवत म्हणाले, "सोमवारी कर्ण्यावर काय सांगणार आहेस? आधी मला सांग. दाराचा रंग अजून लाल आहे, तो वाचव."

मी घसा साफ केला. "आई, बाबा, मी ठरवलंय. सोमवारपासून मी कर्णा सोडतेय आणि शाळेच्या बँडमध्ये जातेय. ट्यूबा वाजवणार, तो भला मोठा पितळी भोंगा! सामनाभर तोंड त्यातच खुपसून ठेवावं लागतं."