धुडकूनानांचं प्रेशर

धुडकूनाना ब्लडप्रेशरच्या गोळीशी भांडायचे. जेवायला बसले की गोळी ताटाशेजारी ठेवायची आणि भाकरी मोडता मोडता तिला सुनवायचं. "मोठी आली! माले काय व्हयनं? चालतो, फिरतो, वजन उचलतो. तुझं माझ्याकडे काय काम?" मन झालं तर घ्यायचे, नाहीतर गोळी परत खिशात.

नव्वदीच्या दशकात सुरतेजवळच्या भेस्तानला माझी खानावळ होती. जेवणारे सगळे आपल्या खानदेशातले, लूमवर काम करणारे. त्यांची रोज फुकटात करमणूक व्हायची. माझं डोकं मात्र तापायचं. भाकऱ्या थापायच्या की या माणसाच्या गोळीवर पहारा करायचा?

नाना कारखान्यात मास्तर होते, म्हणजे बंद पडलेला साचा चालू करून देणारा माणूस. सुरतेत लूमला साचाच म्हणतात. शेठ चढ्या आवाजात बोलला की नाना पाना खाली ठेवून त्याच्याकडे नुसते बघत राहायचे. शेवटी शेठच निघून जायचा. अशा माणसाला एवढ्याशा गोळीनं रोज हुकूम सोडावा, हे त्यांना काही केल्या पटत नव्हतं.

डॉक्टर सांगून दमला होता की रोज एक घ्या, ठरलेल्या वेळी घ्या, बरं वाटलं तरी आपल्या मनानं बंद करू नका. नानांचं उत्तर ठरलेलं. "चालता साचा कोणी खोलतं का? बिघडला की बघू." डोकं ठणकलं की त्यांना गोळी आठवायची. एकदा आदल्या दिवशीची राहिली म्हणून दोन एकदम घेतल्या आणि पाटावरून उठता उठता डोळ्यांपुढे अंधारी येऊन पाण्याच्या पिंपाला मिठी मारून बसले. गुडघे दुखले की कोणाला न विचारता दुखण्याची गोळी वरून घ्यायचे. एका पोऱ्याचं डोकं दुखत होतं, तर त्याला स्वतःची प्रेशरची गोळी द्यायला निघाले. "घे, भारी शे ही." मी ती हातातून हिसकावून घेतली.

"नाना, औषध आहे ते, बडीशेप नाही वाटायला."

"तू भाकरी कर, खानावळवाली."

त्यांची आमटी मी वेगळी काढायची, मीठ कमी घालून. तर हा माणूस खिशात मिठाची पुडी घेऊन यायचा, माझ्यासमोर उघडायचा आणि चिमूट चिमूट टाकायचा. माझ्या डोळ्यांत बघून. अस्सा राग यायचा की आमटी डोक्यावर ओतावी.

आता लूमच्या धंद्यातली एक रीत सांगते. कारीगराला गावी जायचं असलं की तो आपल्या साच्यावर बदली ठेवून जातो. बदलीवाला पाळी भरतो, काम थांबत नाही, शेठ काही विचारत नाही. सगळा धंदा या बदलीवरच चालतो.

तर एक दिवस नाना सगळ्यांसाठी खमण घेऊन आले. "प्रेशर नॉर्मल! डॉक्टरनं गोळी अर्धी केली. अर्धी कशाला, मी पुरीच बंद केली." मग ठेचा मागितला, पापड मागितला, लोणचं दोनदा मागितलं, आणि दर घासाला माझ्याकडे बघत होते. खुद्द डॉक्टरनंच प्रेशर नॉर्मल म्हटल्यावर मी अडवणार कशी? मागितलं ते वाढलं.

त्याच आठवड्यात दुपारी हात धुवायला उठले आणि मोरीपाशीच मटकन खाली बसले. नाकातून रक्त, डोळे लालबुंद, डोकं दोन्ही हातांत धरलेलं. मी तवा तसाच टाकला, रिक्षा बोलावली आणि सोबत सुकदेवला घेतलं. सुकदेव त्यांच्या हाताखालचा कारीगर. त्याचा चेहरा नानांपेक्षा जास्त उतरलेला होता.

ट्रस्टच्या दवाखान्यात नेहमीच्या डॉक्टरनं प्रेशर मोजलं. पुन्हा मोजलं. मग मागच्या वेळच्या आकड्यावर बोट ठेवून म्हणाला, "काका, आ प्रेशर तमारुं नथी. तुमचं नाहीच हे."

"साहेब, ते माझं होतं," सुकदेव रडकुंडीला येऊन म्हणाला.

नानांनी प्रेशर मोजायला बदली पाठवला होता! त्या दिवशी दवाखान्यात डॉक्टर नवा होता. त्यानं नानांचं नाव पुकारलं, सुकदेवनं हात पुढे केला आणि त्याच्या हातावरून नानांची गोळी कापली गेली. डॉक्टर कपाळाला हात लावून बसला. नाना नाकात कापूस घालून पडल्या पडल्या म्हणतात, "मशीन तर तेच होतं ना?"

मग मात्र माझा तोल सुटला. "मशीन तेच होतं, पण नस कोणाची होती? साच्यावर बदली चालतो, जिवाला चालत नाही. मेला असतात ना तुम्ही!"

डॉक्टरनं आधीचीच पूर्ण गोळी पुन्हा लिहून दिली आणि म्हणाला, "काका, मी तुम्हाला घरच्या माणसाला घेऊन या म्हटलं होतं. तुम्ही ऐकत नाही, तर त्यांना तरी समजावून सांगितलं असतं."

नानांनी तोंड भिंतीकडे केलं. तसेच पडून म्हणाले, "सुकदेवची बायको आठेच, सुरतेतच राहते. म्हणून त्याला धाडलं. घरचं माणूस दिसावं म्हणून दोघं गेले होते."

नानांची बायको जाऊन वर्षं झाली होती, लेकरू नव्हतं. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. पण दवाखान्यात 'घरचं कोण' असं कोणी विचारलं की हा माणूस काय सांगत असेल, हे माझ्या मनात कधी आलंच नव्हतं.

डॉक्टर माझ्याकडे वळला. "तुम्ही कोण?"

"ती खानावळ..." नाना सांगायला लागले.

"गप पडा," मी म्हटलं. "साहेब, मी घरचीच. काय सांगायचं ते मला सांगा."

"नातं?"

"दोन्ही वेळा जेवायला घालते आणि दोन्ही वेळा भांडते. तुमच्याकडे जे बसेल ते लिहा."

दोन दिवसांनी नाना जेवायला आले. मी आधी गोळी पुढे केली, मग ताट वाढलं. खिशातली मिठाची पुडी मागितली, तीही निमूट दिली. शेजारच्यानं लोणचं पुढे केलं, तर हातानं बाजूला सारलं आणि अख्ख्या पंगतीला ऐकू जाईल असे कुरकुरले, "काय करू रे बापा, घरना लोके ऐकतस नही."