दादाने काढून टाकलेली माणसं

माझ्या मोठ्या भावाने परवा मला पुन्हा एकदा कामावरून काढून टाकलं. कारण काय, तर संध्याकाळी निघताना मी ऑफिसातला पंखा बंद करायला विसरले. "कुशे, उद्यापासून येऊ नको," असं म्हणून तो चष्मा पुसायला लागला. खरं म्हणजे मी त्याच्याकडे कामाला नाहीच. मी निवृत्त शिक्षिका, पेन्शनवर माझं बरं चाललंय. वहिनी गेल्यापासून केवळ भावाच्या मायेपोटी मी त्याच्या कारखान्यात फोन उचलायला जाऊन बसते. पण समोरचा माणूस कामावर आहे की नाही, याच्याशी दादाला काही देणंघेणं नसतं. दिसला की काढता येतो, एवढं त्याला पुरतं.

कारखाना म्हणजे इंदिरानगरला आमच्या घरामागे असलेली पत्र्याची लांबलचक शेड. तिथे शाळांचे गणवेश शिवले जातात. ओळीने शिलाई मशिनं, एका टोकाला कटिंगचं टेबल, दुसऱ्या टोकाला इस्त्री, आणि या सगळ्याच्या मधोमध कडक स्टार्चच्या पांढऱ्या शर्टात, हात मागे बांधून उभा दादा. तो बसत नाही. मालक बसला की नफाही बसतो, हे त्याचं स्वतःचं संशोधन आहे.

रोज सकाळी पोहे खाताना तो मोबाइलवर कुणा सुटाबुटातल्या माणसाचं भाषण लावतो. लहान धंद्यात नफा कसा वाढवावा, माणसांना मुठीत कसं ठेवावं, असलं काहीतरी त्यात असतं. आवाज इतका मोठा, की शेजारच्या कुलकर्णीवहिनींनासुद्धा आता माणसं मुठीत ठेवता येतात. "ऐक, कुशे, हा माझंच बोलतोय," दादा चमचा रोखून सांगतो. "लाड केले की धंदा गेला." मी मुकाट्याने त्याच्या पोह्यांवर आणखी खोबरं घालते.

घरातल्या घरात हे चाललं असतं तर माझी काही तक्रार नव्हती. पण दादाला बाहेर न्यायचं म्हणजे मोठी जोखीम. कापड घेऊन आलेल्या टेम्पोवाल्याला त्याने काढून टाकलं, तो बिचारा दुसऱ्याच वाहतूकवाल्याचा माणूस. सत्यनारायणाच्या पूजेला उशिरा आलेल्या गुरुजींना कलशासमोरच काढून टाकलं. आमच्या भाचीच्या लग्नात तर मठ्ठा वाढणाऱ्या पोरग्याने दादाच्या पानात मठ्ठा सांडला. झालं. भर पंगतीत दादा कडाडला, "उद्यापासून येऊ नको!" तो पोरगा शांतपणे म्हणाला, "उद्या नाहीच यायचं, काका. लग्न आजच आहे." सगळी पंगत हसली. मी पदर तोंडाला लावून जिलबीकडे बघत बसले. तेव्हापासून लग्नकार्यात मी दादापासून जरा लांबची खुर्ची धरते आणि कुणी विचारलंच तर मुलाकडची म्हणून सांगते.

कारखान्यातल्या माणसांना मात्र याचं काहीच वाटत नाही. काढून टाकलेल्या माणसाने कसं परत यायचं, याची तिथे ठरलेली रीत आहे. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला यायचं, डबा जागेवर ठेवायचा, मशीन पुसायचं आणि विचारायचं, "दादा, चहा सांगू का?" दादा दुसरीकडे बघत म्हणतो, "बिनसाखरेचा." झालं, माणूस परत कामावर. माफी कुणी मागत नाही, कुणी देत नाही. आमचे कटिंगमास्तर उस्मानभाई तर याचा रजेसारखा उपयोग करतात. मालेगावला नातेवाइकांत लग्न निघालं की आदल्या दिवशी मुद्दाम एखादी कॉलर उलटी कापतात. दादा काढून टाकतो, मास्तर बिर्याणी खाऊन येतात. "रजा मागितली तर दादा दहा सवाल करतील," ते मला म्हणाले. "निकाल दिया की एक पण नाही."

एकदा मी दादाला म्हटलं, अरे, काढलेल्या दिवसाचा निदान पगार तरी काप. तो माझ्याकडे अडाण्याकडे बघावं तसा बघत राहिला. "काढून टाकलेल्या माणसाचा पगार कापणार कसा? तो आपल्याकडे कामालाच नसतो." सुटाबुटातल्या माणसाने हे ऐकलं असतं तर त्याने भाषणं सोडून दिली असती.

त्याचा दुसरा कडक नियम मोबाइलचा. कामावर आल्या आल्या सगळ्यांनी आपापले फोन चकलीच्या मोठ्या स्टीलच्या डब्यात टाकायचे. दिवसभर तो डबा टेबलावर घूं घूं करत सरकत असतो. फार वेळ वाजला की दादा वैतागून झाकण काढतो आणि हाताला लागेल तो फोन उचलतो. "ती कामात आहे. मी मालक बोलतोय. कामाच्या वेळेत फोन करायचा नाही, समजलं? ... काय झालं? ... गुडघा? कुठला, डावा? अहो, मग जिना कशाला चढता?" पुढे बराच वेळ तो कुणाच्या तरी सासूशी गुडघ्यांविषयी बोलत राहतो. बायका मान खाली घालून हसू दाबत शिवत असतात. कुणाच्या घरी पाणी आलं नाही आणि कुणाचा नवरा रुसलाय, हे दादाला त्या त्या बाईच्या आधी कळतं. याला तो शिस्त म्हणतो.

अशा या कारखान्यात मी यमुनाला आणलं. मी बरीच वर्षं हरसूलकडच्या शाळेत होते, तिथली ती माझी विद्यार्थिनी. तिच्या आईने पोरगी माझ्या हवाली केली ती माझ्या शब्दावर. पंचवटीत मावसबहिणीकडे राहून ती कामाला यायची. काजं-बटणं पटकन शिकली. गुणी आणि अबोल. तिला एखादी गोष्ट सांगितली की ती तेवढीच आणि तशीच करायची. "जरा थांब," म्हटलं की परत हाक मारेपर्यंत थांबलेली असायची. शाळेतही ती अशीच होती.

मे महिन्यात आमच्याकडे श्वास घ्यायला फुरसत नसते. त्यातच नांदगावला नातीचं बारसं निघालं म्हणून मी दोन दिवस गेले. परत आले तर खिडकीजवळच्या मशिनवर कापड झाकलेलं.

"यमुना कुठंय?"

उस्मानभाईंनी कात्री खाली ठेवली आणि सांगितलं. यमुनाने मुलींच्या शर्टांच्या एका गठ्ठ्याला मुलांच्या बाजूने काजं करून ठेवली. दादाने नेहमीसारखं काढून टाकलं. कुणी मानसुद्धा वर केली नाही. यमुनाने मशीन पुसलं, खालच्या चिंध्या गोळा केल्या, मशिनला नमस्कार केला, "बरं, दादा," म्हणाली आणि गेली. "आम्हाला वाटलं उद्या येईल," मास्तर म्हणाले. "तिला कुणी बताया नाही, आत्या, की इथे कसं असतं."

मी दादाला गाठलं. तो छताकडे बघत म्हणाला, "गेली तर गेली. शिस्त म्हणजे शिस्त." पण दुसऱ्या दिवशी दार वाजलं की त्याची मान वळायची. दुपारी त्याने तिच्या मशिनवरचं कापड काढून झटकलं आणि पुन्हा घातलं. यमुनाचा फोन लागत नव्हता. तिकडच्या डोंगरात तो तसाही क्वचितच लागतो. मावसबहीण म्हणाली, ती त्याच संध्याकाळी गावी गेली.

मग तिच्या आईचा फोन आला. कुणाचा तरी मोबाइल मागून घेतला असावा, कारण ती घाईघाईने आणि दबक्या आवाजात बोलत होती.

"बाई, खरं सांगा. पोरीनं काय उचललं का?"

"अगं, काय बोलतेस?"

"ती काय बोलतच नाय. नुसतं म्हनते, नको म्हनाले. लोक इचारतात, हंगामात कुनी कामावरून काढतं का. चोरी केली आसंल, नायतर दुसरं कायतरी. मला बाहेर तोंड दाखवायला नाय उरलं, बाई. उचललं आसंल तर सांगा, मी परत आनून देते."

इतकी वर्षं दादाची लाज वाटली ती चारचौघांत हसं होतं म्हणून. ही लाज वेगळी होती. ज्या गावाने मला बाई म्हणून मान दिला, तिथल्या एका आईला माझ्या भावामुळे आपलीच पोरगी चोर वाटत होती.

मी दादाला फोनवरचा शब्द न् शब्द सांगितला. तो उभा होता, तो खुर्चीवर बसला. त्या खुर्चीवर बसलेला मी त्याला पहिल्यांदाच बघत होते. बायकांनी मशिनं थांबवली तरी त्याने कुणाला हटकलं नाही.

सकाळी तो गाडी बाहेर काढून तयार होता. "चल. आज हरसूलचा बाजार आहे. मायलेकी बाजाराला येतात ना?"

त्र्यंबक मागे पडलं. घाट लागल्यावर दादा म्हणाला, "मी काय म्हणू तिला?"

"चुकलं म्हण."

"ते सोडून."

"ते सोडून काही नाही, दादा."

बरीच वळणं गेली. मग समोर बघतच तो म्हणाला, "नितीनलाही मी असंच म्हणालो होतो."

नितीन हा त्याचा मुलगा. पुण्याला एका मोठ्या कंपनीत आहे. तिकडून बोलावणं आलं म्हणून तो गेला, असंच दादाने आम्हा सगळ्यांना सांगितलं होतं, आणि जावयाचं कौतुक सांगावं तसं तो मुलाच्या नोकरीचं कौतुक सांगायचा.

"शेडमध्ये, सगळ्यांसमोर म्हणालो," दादा म्हणाला. "मला वाटलं, सकाळी येईल, चहाचं विचारेल. मी वाट बघितली. तो आलाच नाही. मग मला वाटलं, मालकाने कसं जायचं बोलवायला?"

"मालकाने नाही. बापाने जायचं होतं."

"हो," तो म्हणाला. त्याने गाडी जरा हळू केली. मला वाटलं थांबवतोय, पण समोरून म्हशी येत होत्या.

बाजार भरलेला होता. यमुनाची आई एका कडेला पळसाच्या पानांवर करवंदांचे वाटे मांडून बसली होती. यमुना तिच्या पाठीमागे, तोंड दुसरीकडे करून बसलेली. दादाला बघून आई गडबडीने उठली. डोक्यावरून पदर घेतला, हात जोडले, आणि दादा काही बोलायच्या आत म्हणाली, "सायेब, आमच्या घरात काय नाय. चला, बघून घ्या पायजे तर."

आजूबाजूच्या लोकांनी माना वळवल्या. जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं वाटत होतं. दादाचा चेहरा मी बघितला नाही, मला बघवलाच नसता. मग त्याचा आवाज आला. शेडमध्ये माणसं काढून टाकतो तोच, पत्रे हादरवणारा आवाज.

"तुमच्या पोरीने काही घेतलेलं नाही. काम चांगलं करते. मी तोंडाला येईल ते बोललो. चुकलं माझं."

आईचे जोडलेले हात खाली आले. तिच्या शेजारी मिरच्या विकणारी बाई होती. दादा तिच्याकडे वळला. "ऐकलंत का? यमुनाचा मालक मी. तिने काही चोरलेलं नाही." ती बाई घाबरून "बरं बरं" म्हणाली. तो पुढच्या मडकेवाल्याकडे गेला. "यमुना माझ्याकडे कामाला होती. तिने काही केलेलं नाही. चूक माझी." मडकेवाल्याला यमुना कोण हे ठाऊक नव्हतं. दादाने त्याला ती लांबून दाखवली आणि पुन्हा सगळं सांगितलं. मग बांगड्यावाला, मग चपला शिवणारा. चपला शिवणाऱ्याने एका गिऱ्हाइकाला बोलावून घेतलं, दादाने त्यालाही सांगितलं. लोक आपापसात हसत होते. मी दादाच्या मागोमाग चालत होते, पण कुणी विचारलं तर हा माझा सख्खा भाऊ आहे, हे सांगायला मी तयार होते.

धावत धावत यमुना आली. तिचा चेहरा लाल झाला होता. तिने दादाच्या शर्टाची बाही धरली.

"दादा, मी येते कामाला. सोमवारी येते. पन आता बास करा. लाज वाटते."

दादाने तिच्याकडे बघितलं. कपाळावरचा घाम त्याने त्या कडक इस्त्रीच्या बाहीने पुसला.

"वाटू दे," तो म्हणाला. "मलाही वाटतेय."

आणि तो सुकट विकणाऱ्या म्हातारीकडे गेला. तिला कमी ऐकू येत होतं, म्हणून खाली वाकून, पहिल्यापासून सगळं सांगायला लागला.