अरुंद वस्तू कुणी आणायची?

छोट्या गटातल्या मुलांना रुंद आणि अरुंद यांतला फरक कळला पाहिजे, असं अभ्यासक्रमात स्पष्ट लिहिलं होतं. बाईंना तो कळत होता, पण तेवढ्याने भागणार नव्हतं. वर्षअखेर तपासनीस येणार, एका मुलाला उभं करणार, आणि त्याने एक रुंद नि एक अरुंद वस्तू पुराव्यानिशी दाखवली तर बाई नोकरीत कायम होणार. नाही तर बाईंनी घरचा रस्ता धरायचा. तात्पुरत्या माणसाची झोप कशी उडते, हे तात्पुरत्यांनाच ठाऊक.

म्हणून बाईंनी धडा अगदी जीव ओतून शिकवला. मुलांना घरून एकेक वस्तू आणायला सांगितली. "एकीवर दुसरी ठेवायची, एका बाजूची कड जुळवायची. मग दुसऱ्या बाजूने जी बाहेर डोकावते ती रुंद, आणि जी डोकावत नाही ती अरुंद." दंतवैद्यांच्या मुलाने बाबांच्या कमरेचा पट्टा आणला होता, वकिलांच्या मुलीने रिबीन. पट्टा डोकावला. मुलगी "माझी अरुंद! माझी अरुंद!" करत नाचत घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वकील वर्गाच्या दारात उभे.

"बाई, तुम्ही माझ्या मुलीला अरुंद म्हणालात?"

"नाही हो, मी रिबिनीला म्हणाले."

"रिबीन कुणाची?"

"तुमच्या मुलीची."

"मग?" असं म्हणून वकिलांनी काखेतली चादर टेबलावर आपटली. "आता जुळवा कड!"

चादर पट्ट्याहून रुंद निघाली, यात नवल नव्हतं. पण आता पट्टा अरुंद झाला होता. दंतवैद्यांनी दवाखान्यात एका पेशंटचा जबडा उघडा ठेवून गालिचा पाठवला. शिंप्याने सगळ्यांत मोठ्या पन्ह्याच्या कापडाचं ठाणच्या ठाण आणलं आणि वर्गाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत उलगडलं. ही लांबी आहे, असं बाईंनी नम्रपणे सांगितलं, तर तो म्हणाला, "तुम्ही तिकडून बघताय म्हणून. इकडून बघा, रुंदी आहे. तीस वर्षं कापड कापतोय मी!" बांधकामाच्या ठेकेदारांनी वाद घातला नाही. त्यांनी एक दरवाजा चौकटीसकट आणून उभा केला.

मग वकिलांकडून पलंग आला. दंतवैद्यांकडून सोफा आला. नियमाप्रमाणे सोफा पलंगावर चढवणं भाग होतं. चार हमाल घामाघूम झाले, बाई खुर्चीवर उभ्या राहून "डावीकडची कड जुळवा, डावीकडची!" म्हणून ओरडत होत्या, आणि मुलं पलंगाखालून रेल्वे नेत होती. एवढी मजा त्या वर्गात आजवर कधी आली नव्हती.

प्रकरण मुख्याध्यापिकांकडे गेलं. त्यांनी शांतपणे परिपत्रक काढलं: 'अरुंद' हा शब्द मनाला लागणारा असल्याने यापुढे 'कमी रुंद' म्हणावे. दुसऱ्या दिवशी 'कमी' या शब्दावर हरकती आल्या. सुधारित परिपत्रकानुसार वस्तूंचे तीन प्रकार झाले: रुंद, अतिरुंद आणि विशेष रुंद. प्रत्येक मुलाला प्रमाणपत्र मिळालं. सगळ्यांची प्रमाणपत्रं 'विशेष रुंद'चीच होती, त्यामुळे पालकांचं समाधान झालं आणि लगेच पुन्हा असमाधान सुरू झालं.

बाईंचं मात्र धाबं दणाणलं. तपासणी तोंडावर आली होती आणि वर्गात औषधालासुद्धा अरुंद वस्तू नव्हती. त्यांनी हळूच आपल्या पर्समधली पेन्सिल काढून ठेवली. संध्याकाळी पालकांचं शिष्टमंडळ हजर.

"पेन्सिल कुणाची?" वकिलांनी विचारलं.

"माझी."

"म्हणजे बाईच अरुंद! आणि अशा बाईंच्या हाती आम्ही आमची मुलं सोपवायची?"

पेन्सिल पर्समध्ये परत गेली. मग बाईंनी हात जोडले. "कुणीतरी एकाने, एकाच दिवसासाठी, काहीतरी अरुंद आणा हो. बुटाची नाडी चालेल. माझ्या पोटावर पाय येतोय." सगळे हळहळले. नाडी आणायची कल्पना सगळ्यांना फार आवडली. फक्त ती दुसऱ्या कुणीतरी आणावी, यावरही सगळ्यांचं एकमत झालं. जाता जाता ठेकेदार एक कपाट ठेवून गेले.

तपासनीस आले तेव्हा वर्गात पलंग, सोफा, कपाट, दोन दरवाजे आणि एका दुकानाचं अख्खं शटर होतं. मुलं मधल्या बोळात एकामागे एक बसली होती. पालकांना आत जागाच नसल्यामुळे ते खिडक्यांना लटकले होते. तपासनीस भरल्या अंगाचे होते. ते रुबाबात बोळात शिरले आणि पलंग नि कपाट यांच्यामध्ये अडकले. पुढे जाता येईना, मागे येता येईना. पण माणूस कर्तव्यदक्ष. तिथूनच त्यांनी समोरच्या मुलीला विचारलं, "बाळ, इथली एक अरुंद वस्तू दाखव बरं."

बाईंनी डोळे मिटले.

वकिलांची मुलगी म्हणाली, "ही वाट."

"कशावरून?"

"या बाजूला तुमची कड जुळलीय. त्या बाजूने तुम्ही बाहेर डोकावताय. म्हणून वाट अरुंद आणि तुम्ही रुंद."

तपासनिसांनी खाली पाहिलं. पुरावा बिनतोड होता. "शाब्बास! पण ही वाट वर्गात कुणी आणली?"

"आमची नाही! आमची नाही!" सगळ्या खिडक्या एकदम ओरडल्या.

"सगळ्यांनी थोडी थोडी आणली," मुलगी म्हणाली.

तपासनिसांना बाहेर ओढायला हमालच बोलवावे लागले. शर्टाची दोन बटणं आत राहिली, पण शेरा त्यांनी उत्तम दिला. मुख्याध्यापिकांनी बाईंना बोलावून सांगितलं, "अभिनंदन! तुम्ही कायम झालात."

बाईंचे डोळे भरून आले. वर्षभराची धास्ती, पालकांचे टोमणे, ते हात जोडणं, सगळं एका वाक्यात फिटलं. त्यांनी आभार मानायला तोंड उघडलं आणि म्हणाल्या, "आणि शेजारच्या वर्गाच्या बाई? त्याही माझ्यासोबतच लागल्या होत्या ना?"

"त्याही झाल्या कायम."

"अस्सं," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा किंचित उतरला.

बाईंना नावं ठेवू नका. बढतीचं पत्र हातात पडलं तेव्हा तुम्ही तरी ते शेवटपर्यंत वाचलं होतं, की अर्ध्यातच शेजारच्या टेबलाकडे मान वळवली होती?