हवा शुद्ध करायचं मशीन आणि जीवरामभाऊंची वांगी

थंडीत शिंका वाढल्या म्हणून प्रेमराजरावांनी घरात हवा शुद्ध करायचं मशीन आणलं. (डॉक्टरांनी फक्त मफलर सांगितला होता.) जळगावात सरकारी कचेरीत तेवीस वर्षं कारकुनी केलेला माणूस, पुराव्याशिवाय ते कुणाला दोषी धरत नसत. पण पहिल्याच संध्याकाळी मशीनचा हिरवा दिवा लाल झाला, आणि नेमके त्याच वेळी शेजारचे जीवरामभाऊ अंगणात कपाशीच्या काड्या पेटवून भरताची वांगी भाजत होते. आणखी काय पुरावा हवा?

प्रेमराजरावांनी खिडक्या धाडधाड लावल्या, धुराचा वास मारायला तीन सुगंधी मेणबत्त्या पेटवल्या (त्यांच्या काचेच्या बरण्यांवर ‘शुद्ध वातावरण’ असं छापलेलंच होतं) आणि तणतणत शेजारी गेले. तुमच्या भरतापायी आमच्या फुप्फुसांचं भरीत होतंय, असं त्यांनी सुनावलं. जीवरामभाऊ शांतपणे म्हणाले, “तुमले तरास व्हस ना भाऊ, उद्यापासून आमी मळामा भाजसूत.”

दुसऱ्या दिवशी अंगणात काडी पेटली नाही. इकडे खिडक्या बंद, मेणबत्त्या चालू आणि दिवा लालच. हा माणूस लपून भाजतो, याबद्दल प्रेमराजरावांची खात्रीच पटली. रंगेहाथ पकडायला ते गच्चीवर जाऊन पालथे पडले आणि शेजारी डोकावले. दाराला कुलूप होतं. त्यांना कुलपाचाही राग आला.

आठ दिवस असे जळफळाटात काढल्यावर त्यांनी मशीनच्या कंपनीला फोन करून फसवणुकीचा आरोप केला. धुळ्याहून दीपमाला नावाची मुलगी दुरुस्तीला आली. तिने फिल्टर काढला. तो तव्याच्या बुडासारखा काळा होता. प्रेमराजरावांनी तिला वांग्यांची सगळी हकिगत ऐकवली. तिने टेबलाकडे पाहिलं, तिन्ही मेणबत्त्या फुंकून विझवल्या आणि खिडक्या उघडल्या.

“काका, काजळी या मेणबत्त्यांची आहे.”

तिने नवा फिल्टर बसवला. थोड्या वेळात दिवा हिरवा झाला. प्रेमराजरावांचा चेहरा लाल.

माफी मागायला ते बायकोला, हेमांगीला, घेऊन शेजारी गेले. जीवरामभाऊ दारात रिक्षा बोलावून मळ्यात निघायच्या तयारीत होते. त्यांनी हसून हात धरला. राग कसला, उलट सगळी गल्ली जमते, मळ्यात मजाच येते, असं ते म्हणाले. “गल्लीना बठ्ठा लोके येतस. वहिनी बी रोज येतस.”

प्रेमराजरावांनी वळून पाहिलं. हेमांगी पिशवीत भाकरी घेऊन केव्हाच रिक्षात बसली होती.

“तुम्हाला धुराचा त्रास होतो ना,” हेमांगी म्हणाली, “म्हणून नाही बोलावलं.”